शेजारच्या लेनवरचे आजोबा



सुट्टीत इंदूरची आम्ही तीन कुटुंबं मुलांना घेऊन बोलिंगला गेलो. भाड्याचे बूट, 60 फुटांची लेन, समोर 10 पिन आणि आमचा आरडाओरडा!

रेषेपुढे पाय गेला तर फाउल, त्या चेंडूवर पडलेल्या पिन धरत नाहीत. पण शेजारच्या लेनवर कुणी नेम धरून उभं असेल तर आपण थांबायचं, दोघं एकदम पुढे आलो तर उजवीकडच्याला आधी टाकू द्यायचं, ही रीत पाळली नाही म्हणून गुण काही कापले जात नाहीत.

शेजारी एक आजोबा नेम धरून उभे होते. आमचा मुलगा तेवढ्यात धावत सुटला, आम्ही टाळ्या पिटल्या. आजोबांचा चेंडू बाजूच्या चरात गेला.

आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "पैसे भरलेत आपण, एवढं चालतंच." अहो, पैसे त्यांनीही भरले होते की! आम्हाला काही ते पटेना. नियम मोडला नाही म्हणजे चूक झाली नाही, असं थोडंच आहे?

माफी मागायला मात्र आम्ही मुलालाच पुढे केलं. आजोबा हसून म्हणाले, "ह्याला कशाला पाठवलंत? टाळ्या तर तुम्ही वाजवत होतात."