विस्मृतीची मालकी

आत्मचरित्रकार आपल्याला आठवते तेवढेच लिहितो, हा समज वाचकांनी आणि काही प्रमाणात समीक्षकांनीही दीर्घकाळ जपला आहे. प्रत्यक्षात लेखन हीच स्मरणाची एक रीत आहे. एखादे वाक्य पुरे होते आणि त्याच्या आडून घरातले एखादे बोलणे, कुणीतरी अर्धवट सोडलेले उत्तर वर येते. ते आपण विसरलो होतो हेही लिहिणाऱ्याला तेव्हाच उमगते. मॉरिस हाल्बवाक्स याने १९२५ मध्ये स्मृतीच्या सामाजिक चौकटींचे विवेचन केले. माणूस एकट्याने आठवत नाही, कुटुंबाच्या चौकटीत आठवतो, हे त्याचे प्रतिपादन मान्य केले की एक नैतिक प्रश्न उभा राहतो. अशी हाती आलेली आठवण कोणाची?

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा उगम या संदर्भात पाहण्याजोगा आहे. ना. वा. टिळकांचे चरित्र सिद्ध करण्यासाठी देवदत्त टिळकांनी आईकडे आठवणी मागितल्या. पतीच्या चरित्राचे साधन म्हणून जे सुरू झाले, त्यातून १९३४ पासून भागाभागाने एका स्त्रीचे स्वतंत्र आत्मचरित्र प्रकट झाले. आणि त्याचा आरंभ तिच्या जन्मापूर्वीच्या घटनेने होतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड जडले, ही हकिकत त्यांनी पाहिलेली असणे शक्य नाही. त्यांनी भोगले ते सोवळे. त्याचे कारण घरातल्या बोलण्यातून, वळचणीचे पाणी यावे तसे, त्यांच्यापर्यंत आले. या प्रकरणातील विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले. मात्र त्या विनोदाआड काय घडते याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. वडिलांनी सोवळ्याखाली झाकलेले भय लेक उघडे करते, आणि त्याला वडिलांची संमती असणे शक्य नसते. लक्ष्मीबाईंच्या पक्षी एवढे म्हणता येते की, ज्या मापाने त्या वडिलांना हसतात त्याच मापाने स्वतःलाही हसतात. हा न्याय थोडा नव्हे.

उलट दिशेचे उदाहरण बेबी कांबळे यांचे. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये ग्रंथरूप झाले. त्याचे लेखन त्यांनी घरच्यांपासून लपवून केले होते. पुढे इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने माया पंडित यांच्याशी बोलताना त्यांनी संसारातल्या स्वतःच्या यातना सांगितल्या. पुस्तकात त्या आलेल्या नव्हत्या. समाजाच्या दुःखापुढे स्वतःचे दुःख त्यांनी मागे ठेवले होते. ही विस्मृती नव्हती, तजवीज होती. मग ज्याला आपण कुटुंबाची विस्मृती म्हणतो, तीही पुष्कळदा कुणा आजीची, आईची तजवीजच असेल, तर ती मोडण्याचा अधिकार नातवाला कशाने मिळतो? केवळ लिहिता येते म्हणून?

लेखनाची भाषाच जेथे त्या आजीची नसते, तेथे हा पेच अधिक कठीण होतो. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन हे झरी जामणी तालुक्यातले गाव. या भागातल्या पोडांवर कोलामी बोलली जाते. ही द्राविड कुळातली, स्वतःची लिपी नसलेली भाषा, एम. बी. एमेनो यांचे तिचे वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत मराठी शिकलेला येथला कोणी कोलाम उद्या आत्मकथन लिहू लागला, तर आजीचे वाक्य त्याला कोणत्या भाषेत आठवेल? कोलामीच्या व्याकरणात पुरुष एका वर्गात आणि उरलेले सारे, म्हणजे स्त्री, जनावर, झाड, दगड, दुसऱ्या वर्गात पडतात. आजीने आपल्या आईविषयी सांगितलेले वाक्य मराठीत उतरताच तेथे 'ती' येते. मूळ वाक्यात त्या स्त्रीला असे वेगळे लिंग नव्हते. ती पावसाशेजारी, गाईशेजारी उभी होती. यात तिचा अवमान होता असे समजणे घाईचे ठरेल, कारण व्याकरणावरून आदर मोजता येत नाही. परंतु मराठी वाक्याने तिला त्या सोबतीतून बाहेर काढले, हे खरेच.

म्हणून अशा आत्मकथनाच्या समीक्षेत 'हे असेच घडले काय' या प्रश्नाआधी दुसरा एक विचारला पाहिजे. आजीने कोलामी नातवाला दिली नसेल, तर ती द्यायची राहून गेली, की तिने जाणून दिली नाही? संहितेत याचे उत्तर बहुधा एखाद्या तुटलेल्या संवादात, मराठी प्रतिशब्द न देता तसाच ठेवलेल्या एखाद्या कोलामी शब्दात सापडेल. संपादकाचा हात पहिल्यांदा नेमका त्याच शब्दावर पडतो.