चैत्यभूमीचा समुद्र आणि पटिच्चसमुप्पाद



7 डिसेंबर 1956 रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथेच आज चैत्यभूमी उभी आहे, अगदी समुद्राला लागून. हा समुद्र आता चढतो आहे. त्याकडे धम्माच्या दृष्टीने पाहू.

तथागतांनी पटिच्चसमुप्पाद सांगितला. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणाम थांबतो. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तरी पाणी फारसे वाढत नाही, जसा पेल्यातला बर्फाचा खडा विरघळला तरी पेला सांडत नाही. पण ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ जमिनीवर आहे. तो वितळला की समुद्रात नवे पाणी येते. शिवाय तापलेले पाणी प्रसरण पावते. 1901 ते 2018 या काळात जगाची समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. 1971 पर्यंत हा वेग वर्षाला सुमारे 1.3 मिलिमीटर होता, 2006 नंतर तो 3.7 मिलिमीटर झाला.

ग्रीनलंडचा प्रचंड बर्फ गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ही ओढ सैल होते. मग ग्रीनलंडजवळची पातळी उतरते आणि दूरच्या उष्ण प्रदेशांत ती सरासरीपेक्षा जास्त चढते. म्हणजे तिकडच्या बर्फाचे पाणी वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांत, खाडीकाठच्या झोपड्यांत शिरणार. ज्यांनी धूर सर्वांत कमी केला, त्यांच्याच दारात! पाण्याचा प्रश्न हा समतेचा प्रश्न असतो, हे 1927 च्या महाडच्या वारसदारांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडे पाहू. अल मुंतझातल्या आपल्या घरांत वीज येते ती मुख्यतः नैसर्गिक वायू जाळून. नळाचे पाणीही बहुतांशी समुद्राचे क्षार काढून मिळते, त्यालाही ऊर्जा लागते. दरडोई कार्बन उत्सर्जनात कतार जगात आघाडीवर आहे आणि आपली चूल याच अर्थव्यवस्थेवर पेटते. याची नुसती लाज बाळगून उपयोग नाही आणि डोळेझाकही नको. अनेकांचे वीजबिल कंपनी भरते. पण बिल आले नाही म्हणून किंमत टळत नाही, ती दुसरा कोणीतरी चुकवतो. दुसरे शील सांगते, न दिलेले घेऊ नये. पुढच्या पिढीचा किनारा आपल्याला कोणी दिलेला नाही.

म्हणून रिकाम्या खोलीतला एसी बंद करू, चालू असेल तेव्हा 24 अंशांवर ठेवू. एकाच ऑफिसला जाणारे चौघे एका गाडीने जाऊ. गावी घर बांधताना छपरावर सोलर बसवू. एका एसीने समुद्र उतरणार नाही, हे खरेच. पण शील हे हिशेब जुळला तरच पाळायचे नसते. शिवाय बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला शिकवले आहे. आपल्यात अभियंते आहेत, शिक्षक आहेत, मतदार आहेत. किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या पुनर्वसनाची मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे.

आपली नातवंडेही 6 डिसेंबरला दादरच्या रांगेत कोरड्या पायांनी उभी राहावीत, हीच मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!