घरदार घेऊन पंढरीला

मागच्या कार्तिकीच्या सुमारास एका व्याख्यानात एका विद्वान वक्त्यांनी ठामपणे सांगितले की, आळंदी-देहूहून चालत येतो तोच वारकरी. दिवाळीची सुट्टी जोडून बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना गाडीत घालून जो एकादशीला पंढरपुरात उतरतो तो पर्यटक. तीर्थाला जाताना घर मागे ठेवायचे असते, असेही ते म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. हे विधान तेव्हापासून मला सलते आहे. ऐकायला ते कडक वाटते, पण पंढरपुराच्या बाबतीत ते मुळातच चूक आहे.

आधी कोकणाचे बघू. आषाढी येते तेव्हा तिथला शेतकरी गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत असतो. पाऊस कोणासाठी थांबत नाही. भात कापून, झोडून घरात आले की तो मोकळा होतो आणि कार्तिकीला पंढरीची वाट धरतो. चालण्याच्या मोजपट्टीने भक्ती मोजायची तर हा माणूस आधीच बाद. गुडघे गेलेली म्हातारी बाद, तान्हे मूल कडेवर असलेली बाईही बाद. वारकरी पंथाने असली मोजपट्टी कधी हातात घेतली होती?

आणि घर मागे ठेवायचे म्हणता, तर पुंडलिकाचे काय करायचे? ही कथा आपण लहानपणी ऐकतो आणि तिचा अर्धाच भाग लक्षात ठेवतो. मुलगा आईवडिलांचे पाय चेपत होता, देव आला, त्याने वीट भिरकावली, देव तिच्यावर उभा राहिला. त्याआधीचा भाग फार कोणी सांगत नाही. पुंडलिक सहकुटुंब काशीयात्रेला निघाला होता. तो आणि त्याची बायको घोड्यावर, आणि म्हातारे आईवडील पायी. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याला पहाटे मळक्या वस्त्रांच्या स्त्रिया दिसल्या. आश्रमाची झाडलोट करून परत जाताना त्या निर्मळ झाल्या होत्या. त्या गंगा-यमुनाच होत्या. आईवडिलांची सेवा करणाऱ्या त्या ऋषीच्या दारी नद्याच शुद्ध व्हायला येत होत्या. तिथे पुंडलिकाचे डोळे उघडले. म्हणजे पंढरपुराची मूळकथाच एका बिघडलेल्या कौटुंबिक तीर्थयात्रेची आहे. आणि ती बिघडली घर बरोबर घेतल्यामुळे नव्हे. घरातले कोण घोड्यावर बसणार आणि कोण पायी चालणार, या वाटणीमुळे बिघडली.

इथले संतही घर सोडून गेलेले नाहीत. नामदेवांच्या घरात गोणाई आहे, राजाई आहे, जनाबाई आहे. गोणाई-राजाईच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठलाविरुद्ध सरळ तक्रार आहे, घरात काही नाही आणि हा देवळात बसतो म्हणून. चोखोबांच्या घरात सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, सगळ्यांनी अभंग रचले. खुद्द देवाची रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिच्या मागे तो आला, अशी कथा आहे. आजही तिचे मंदिर वेगळे आहे. संसाराच्या इतक्या खाणाखुणा अंगावर बाळगणारे दुसरे तीर्थ मला माहीत नाही.

इतकी साक्ष गोळा केल्यावर मात मी केली, असे म्हणून थांबता आले असते. पण याच साक्षीत माझ्याविरुद्धही बरेच आहे. चोखोबांचे ते सगळे घर जातीमुळे देवळाच्या बाहेर राहिले. मंगळवेढ्याला वेशीचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले, त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या अशी परंपरा सांगते, आणि समाधी झाली ती महाद्वारासमोर. साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून उपोषण केले तेव्हा कुठे ते दार उघडले. इतकी शतके आत जाणारी जी घरे होती, ती आपापल्या कुटुंबासह, सोवळ्यासकट आत जात होती.

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख मी पुन्हा पुन्हा वाचतो तो यासाठी. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या चालल्या. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका दिवसभर एकत्र चालत, एकत्र गात. चूल मात्र निराळी आणि पंगत निराळी. बाईंना हे लागले. व्याख्यात्यांनी ज्या पायी चालण्याला शुद्ध मानले, त्याच पायी चालण्यातली ही हकीकत आहे. जात पाय थकवून जात नाही, कारण ती चुलीपाशी राहते, आणि चूल हा कुटुंबाचा गाभा आहे. हे बाईंनी दाखवले, आणि माझ्या कुटुंबप्रेमाला इतके नेमके उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

याच पंढरपुरात 1875 साली प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या पुढाकाराने बालहत्याप्रतिबंधक गृह निघाले. अब्रू जाईल या भीतीने घरच्यांनी टाकलेल्या विधवांना तिथे बाळंत होता येई. नंतर नवरंगे बालकाश्रम या नावाने ते ओळखले गेले. तीर्थाला घर नेणाऱ्यांनीच तिथे घरातले माणूस सोडूनही दिले आहे.

म्हणून आता माझे म्हणणे असे. कोण चालत आला आणि कोण गाडीने आला हा प्रश्न बाजूला ठेवावा. घर घेऊन जरूर जावे, पण पुंडलिकाच्या घोड्याची आठवण ठेवून. दर्शनबारीत सगळे उभे असताना सामान आणि चपला सांभाळत बाहेर कोण बसते? एकादशीला सगळ्यांसाठी साबुदाणा आणि भगर शिजवताना कोणाची एकादशी होते? बहुतेक घरांत ती एकच बाई असते. आणि वशिल्याचा पास घेऊन जे कुटुंब बारी ओलांडून आत शिरते, त्याने रात्रभर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबाला पायी चालायला लावलेले असते. याला मी भक्ती म्हणत नाही.

या कार्तिकीला घरच्यांना घेऊन निघणार असाल तर पास मागू नका. बारीत उभे राहा. सामान पुरुषांनी सांभाळावे आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या बाईला आधी दर्शनाला पाठवावे. महाद्वारातून आत जाण्यापूर्वी चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवा. द्वादशीला उपवास सोडताना शेजारच्या अनोळखी माणसांना आपल्या पंगतीत बोलवा, आणि त्यांनी बोलावले तर त्यांच्या पंगतीत जाऊन बसा.