कलेची सेवा आणि कलावंताचे श्रम

संगीताला व संगीत रंगभूमीला आधार देण्यासाठीं निघालेलीं मंडळें महाराष्ट्राला नवीं नाहींत. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. तीन वर्षांनीं कोल्हापुरास देवल क्लब निघाला. १९११ मध्यें भास्करबुवा बखले यांनीं पुण्यास भारत गायन समाज स्थापिला. अशा संस्थांचा गाडा पगारी नोकरांपेक्षां हौशी माणसांनींच अधिक ओढला आहे. दिवसा कचेरी सांभाळून सायंकाळीं सतरंज्या अंथरणारा आणि ओळखीपाळखींत तिकिटें खपविणारा चिटणीस हा आपल्या सांस्कृतिक जीवनाचा उपेक्षित आधार होय. त्याच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु त्याच्या निःस्वार्थीपणांतूनच एक नैतिक प्रश्न उत्पन्न होतो, आणि तो पुण्या-कोल्हापुरापेक्षां पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी या तालुक्यांत अधिक उघडा दिसतो. जो स्वतः मोबदला घेत नाहीं, त्याला दुसऱ्यानेंही घेऊं नये असें म्हणण्याचा अधिकार पोंचतो काय?

या भागांतील वारली समाजाचें मुख्य वाद्य तारपा. दुध्या भोपळा पोखरून वाळवावा, त्याला छिद्रें पाडलेल्या नळ्या जोडाव्या, सांधे मेणानें बुजवावे आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा बसवावा, म्हणजे तारपा सिद्ध होतो. वर्णन सोपें आहे, वाजविणें नव्हे. फुंक मध्येंच तोडतां येत नाहीं. गालांत हवा धरून नाकानें श्वास घ्यावा लागतो, आणि तेंही चालतां चालतां, कारण नाचणाऱ्यांची साखळी वादकाभोवतीं फिरत असते. त्याची चाल बदलली कीं पावलें बदलतात. तारप्याकडे पाठ फिरवावयाची नाहीं, असा दंडक आहे. भात हातीं येण्याच्या सुमारास, दिवाळीच्या आगेमागे, हा नाच रात्र रात्र चालतो. येथें तिकीट नाहीं आणि खरें पाहतां प्रेक्षकही नाहीं. जो आला तो साखळींत शिरला.

आतां एखादें मंडळ कलासंवर्धनासाठीं समारंभ योजतें. मंडपवाल्याला, ध्वनिवर्धकवाल्याला, छायाचित्रकाराला पैसे मिळतात. ते मिळाल्यावांचून ही मंडळी हलत नाहींत. तारपावादकाला मात्र शाल व नारळ, आणि वर 'ही तुमचीच संस्कृति, तिची सेवा करा' असा उपदेश. चिटणीस मनाचा वाईट नसतो. त्यानें स्वतः एक पैही घेतलेली नसते, म्हणूनच दुसऱ्याच्या मजुरीचा प्रश्न त्याला सुचत नाहीं. पण चिटणीस आपल्या सुटीचा दिवस देतो, वादक कापणीचा दिवस देतो. एकाच्या घरचें कांहीं अडत नाहीं. दुसऱ्याच्या घरीं त्या दिवसाची कमाई बुडते. दोहोंस 'सेवा' हा एकच शब्द लावणें हा निवळ भाषेचा गोंधळ नव्हे, तो अन्याय आहे.

त्यांतून या भूमींत फुकट श्रमांना एक जुनें नांव आहे, वेठ. जमीनदाराच्या शेतावर आधीं राबावयाचें, मग स्वतःच्या. आणि लग्नासाठीं कर्ज काढलें तर त्या कर्जापायीं धनकोच्या घरीं 'लग्नगडी' होऊन राहावयाचें, अशी येथील रीत होती. मे १९४५ मध्यें झरी या गांवीं, जें तेव्हां उंबरगाव तालुक्यांत होतें व आज तलासरी तालुक्यांत आहे, हजारों वारली जमले आणि वेठ करावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या ग्रंथांत ही सर्व हकीकत सांगितली आहे. त्या सभेला गेलेल्यांच्या नातवंडांपुढें विनामूल्य सेवेचा महिमा गातांना वक्त्याची जीभ थोडी तरी अडखळावी.

कोणी म्हणेल, गांवांत तो फुकटच वाजवितो ना? वाजवितो. पण ज्यांच्यासाठीं वाजवितो त्यांचे हात त्याच्या घराच्या शाकारणीला लागलेले असतात, त्याच्या लावणीला लागलेले असतात. ती परतफेड कोणाच्या वहींत मांडलेली नसते, इतकेंच. शहराहून आलेलें मंडळ त्याच्या चिखलांत उतरणार नाहीं. तेव्हां त्यानें रोख द्यावे हें बरें. पैशानें कला बाटते हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तें संस्थानिकांच्या मर्जीवर न विसंबतां लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चालविलें. त्यानें गवयाची मान ताठ झाली, सूर कांहीं उतरला नाहीं. मोबदला मिळणारा माणूस 'आज येत नाहीं' असेंही म्हणूं शकतो. कदाचित् हीच गोष्ट आश्रयदात्यांना अडचणीची वाटत असावी.

चित्रकलेची गोष्ट निराळी झाली. लग्नाच्या चौकाची, भिंतीवरची वारली चित्रकला १९७० नंतर कागदावर आली, आणि डहाणू तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. आज तारप्याभोवतींचें तें नाचाचें वेटोळें साड्यांवर आहे, कपबशांवर आहे. तें चित्र अंगावर मिरविणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं तारप्याचा आवाज ऐकला असेल?

राहिला शिक्षणाचा प्रश्न. १९३१ मध्यें स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळानें परीक्षांची जी पद्धति रूढ केली, तिनें संगीत मध्यमवर्गाच्या घराघरांत नेलें हें निर्विवाद. पण तारप्याचा सूर त्याच्या भोपळ्यावर अवलंबून. त्याला पेटीच्या पट्टींत बसविण्याचा हट्ट केला तर शिक्षकाला समाधान मिळेल आणि मुलाच्या हातून वाद्य जाईल. या बाबतींत धडा डहाणूजवळच आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. महागड्या साधनांऐवजीं त्यांनीं खडे, शिंपले, पानें, फुलें घेतलीं. मुलें गुरांमागें जातात असें पाहून शाळाच कुरणांत नेली. संगीताच्या मंडळानेंही असेंच करावें. आपला पेटी-तबला घेऊन जाण्यापूर्वीं गांवांतील वृद्ध वादकाला शिक्षक नेमावें, त्याला शिक्षकाचें वेतन द्यावें, आणि मुलांना आधीं साखळींत नाचूं द्यावें. ज्याचीं पावलें चाल ओळखत नाहींत, त्याला फुंक शिकवून काय उपयोग?

सर्वांत नाजूक गोष्ट धवलेरीची. वारली लग्न लावते ती ही स्त्री; तिचें गाणें हाच तेथें विधि. जें लग्न एके काळीं माणसाला लग्नगडी करीत होतें, तेंच ती गाऊन पवित्र करीत आली आहे. एखाद्या मंडळानें तिला समारंभास बोलाविलें, आणि लग्न नसतां तें गाणें व्यासपीठावर म्हणण्यास तिनें नकार दिला, तर काय करावें? आमचें मत असें कीं, ठरलेली रक्कम तिच्या हातीं द्यावी, तिला घरीं पोंचविण्याची सोय करावी, कार्यक्रम अर्धा तास आधीं आटोपावा आणि वार्षिक अहवालांत त्याचें कारण स्पष्ट लिहावें.