ग्रंथपालाची सुटी

दरवर्षी १२ ऑगस्टला गावोगावच्या वाचनालयांत डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो, त्यांच्या पाच सूत्रांची उजळणी होते, आणि भाषणाच्या ओघात एक गोष्ट हमखास येते. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात असताना दोन दशकं ते रोज तेरा-तेरा तास काम करत, रजा म्हणून घेत नसत, आणि स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही विधी आटोपल्यावर दुपारी ते कामावर हजर झाले, असं सांगितलं जातं. टाळ्या पडतात. समोर बसलेले ग्रंथपालही टाळ्या वाजवतात.

त्या दुपारी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या शारदाबाई काय करत होत्या, हे मात्र कुणी विचारत नाही.

रंगनाथन यांच्या थोरवीबद्दल वाद होऊच शकत नाही. गणित शिकवणारा हा माणूस जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा पहिला ग्रंथपाल झाला. १९३१ साली त्यांची पाच सूत्रं पुस्तकरूपाने आली, १९३३ साली पुस्तकांची विषयवार विभागणी करणारं द्विबिंदू वर्गीकरण आलं. १९४८ चा मद्रासचा ग्रंथालय कायदा झाला तो त्यांच्याच प्रयत्नांनी. या कामाला लागलेले तास कुणीतरी द्यायलाच हवे होते आणि त्यांनी ते दिले. प्रश्न एवढाच आहे की, ते सगळे तास एकट्या त्यांचेच होते का? विवाहित माणूस संध्याकाळ कामाला देतो तेव्हा ती संध्याकाळ दोघांची असते. घरातल्या दुसऱ्या माणसाने आपला वाटा सोडलेला असतो, बहुतेक वेळा न विचारता सोडायला लागलेला असतो. रंगनाथन यांनी पुढे मद्रास विद्यापीठात आपल्या देणगीतून अध्यासन सुरू केलं आणि १९६१ मध्ये बंगळूरला ग्रंथालयशास्त्रासाठी निधी उभारला. या दोन्हींच्या नावात शारदा रंगनाथन हे नाव आहे. हे ऋण त्यांना ठाऊक होतं, असं मानायला जागा आहे. १२ ऑगस्टच्या भाषणांत मात्र त्या ऋणाचा उल्लेख येत नाही.

याच तमिळनाडूतले दुसरे ग्रंथपाल म्हणजे पालम कल्याणसुंदरम. श्रीवैकुंठमच्या कला महाविद्यालयात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली आणि पगार गोरगरिबांसाठी देऊन टाकला. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते अविवाहित राहिले. त्यांच्या त्यागापुढे मान झुकते, आणि त्यातली एक गोष्ट विशेष स्वच्छ वाटते: जे सोडलं ते त्यांचं स्वतःचं होतं. लग्न केलेल्या माणसाला अशी सरळ वाट नसते. त्याच्या सेवावृत्तीच्या हिशेबात दुसऱ्या कुणाची तरी रक्कम मिसळलेली असते.

आता हा हिशेब महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावात आणून पाहावा. राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्यानुसार मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. यातल्या कितीतरी वाचनालयांची वेळ दोन पाळ्यांची असते. सकाळी तीन तास, मग दुपारी बंद, मग संध्याकाळी पुन्हा तीन-चार तास. कागदावर हे सहा-सात तासांचं सोपं काम दिसतं. प्रत्यक्षात ते अख्खा दिवस व्यापतं. सकाळी साडेआठला कुलूप काढायचं म्हणून ग्रंथपाल असलेल्या बाईच्या घरचा डबा साडेसातला तयार हवा. दुपारच्या मधल्या वेळात बँक, वर्गणीच्या पावत्या, टपाल. मुलं शाळेतून येतात, नवरा कामावरून परततो, आणि नेमकी त्याच वेळी देवघेवीच्या टेबलापाशी सर्वांत जास्त गर्दी असते, कारण वाचकही त्याच वेळी मोकळे होतात. रात्री साडेआठला दिवे मालवून ती घरी पोचते तेव्हा घरातली जेवणं उरकलेली असतात किंवा तिच्यासाठी अडलेली असतात.

साप्ताहिक सुटी तरी? ती बऱ्याच ठिकाणी सोमवारी असते. मुलांची आणि नवऱ्याची रविवारी. त्यामुळे चौघांनी मिळून कुठे जायचं म्हटलं की कुणाला तरी रजा टाकावी लागते, आणि ती टाकणं तिलाच सर्वांत कठीण, कारण तिच्या जागी बसायला दुसरं कुणी नसतं. कशीबशी गाठ जुळवून ती एखाद्या सोमवारी एसटी स्टँडवर उभी असते आणि फोन वाजतो.

"ताई, वाचनालय बंद दिसतंय आज?"

"हो काका, सोमवार ना. उद्या सकाळी उघडते."

"नाही, पुस्तक संपलं होतं माझं. तुम्ही गावातच आहात ना?"

विचारणाऱ्या काकांच्या मनात काही वाईट नसतं. निवृत्तीनंतर वाचन हाच त्यांचा आधार असतो आणि ताई आपल्याला नाही म्हणणार नाहीत हा विश्वासही असतो. ताईही बऱ्याचदा नाही म्हणत नाहीत. शेजाऱ्याकडे किल्ली पाठवतात, किंवा स्वतःच परत फिरतात. अशा प्रत्येक वेळी वाचकाला पुस्तक मिळतं आणि कुणाच्या तरी घरचा एक बेत मोडतो. मोडलेल्या बेताची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

पगाराचं तर काय सांगावं. मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी हवी ही मागणी काही दशकं जुनी आहे. प्रभा राव समितीपासून व्यंकप्पा पत्की समितीपर्यंत अहवाल झाले. अनुदानात वेळोवेळी वाढ झाली, पण ड वर्गाच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाला मिळणाऱ्या रकमेत घर चालत नाही, हे त्या क्षेत्रातला कुणीही सांगेल. अनुदानाचा हप्ता आला की मार्चअखेरीच्या आत पुस्तकखरेदी, बिलं, लेखापरीक्षणाची कागदपत्रं, वार्षिक अहवाल. शाळांच्या परीक्षाही तेव्हाच. दिवाळीत घरी फराळाची गडबड असते आणि वाचनालयात दिवाळी अंकांची: गठ्ठे सोडायचे, कव्हरं घालायची, नंबर टाकायचे, आणि अमुक अंक आधी मला ठेवा म्हणणाऱ्या प्रत्येकाची समजूत काढायची.

घरातल्या वाटणीबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. ग्रंथपाल पुरुष असेल तर त्याच्या बायकोने सांभाळलेल्या संध्याकाळी कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. ग्रंथपाल स्त्री असेल आणि नवऱ्याने संध्याकाळचा कुकर लावला, मुलांचा अभ्यास घेतला, की नातेवाइकांत त्याचं कौतुक होतं. कौतुक जरूर व्हावं. पण एकाच कामाचं एकीकडे कौतुक आणि दुसरीकडे विस्मरण, हा न्याय नव्हे. वाचनालयाच्या संध्याकाळच्या पाळीत जोडीदाराचाही वाटा असतो, मग तो नवरा असो की बायको, आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच मोजला गेला पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. वाचनालय वाचकांसाठी असतं, ग्रंथपालाच्या सोयीसाठी नव्हे. दिवसभर राबणारा माणूस संध्याकाळीच येणार, अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं सुटीच्या दिवशीही येणार. रंगनाथन यांचं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवायलाच सांगतं. हे सारं खरं आहे, म्हणून वेळ कमी करा असं कुणी म्हणणार नाही. वाचनालय उघडं राहायलाच हवं. ते उघडं ठेवण्याचा भार एकाच माणसावर आणि त्याच्या घरावर असावा का, एवढंच विचारायचं आहे.

आणि इथे रंगनाथन यांच्याच आयुष्यातली दुसरी गोष्ट आठवते. ती १२ ऑगस्टच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते. ग्रंथपाल झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच ते कंटाळले होते. रिकाम्या ग्रंथालयात बसवेना, पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणून ते मागे लागले. तोडगा निघाला तो असा की, आधी इंग्लंडला जाऊन यावं आणि मग ठरवावं. १९२४ च्या उत्तरार्धात ते लंडनला पोचले. तिथे ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या बर्विक सेअर्स यांच्या हाताखाली शिकले आणि अनेक ग्रंथालयं हिंडून पाहिली. पण द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना सुचली ती वर्गात किंवा ग्रंथालयात नाही, सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात. तिथे मेकॅनो या खेळण्याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. त्याच त्या पट्ट्या, चाकं आणि स्क्रू वेगवेगळ्या तऱ्हेने जोडले की वेगवेगळी खेळणी तयार होत होती. विषयांचंही असंच सुटे भाग जोडून वर्गीकरण करता येईल, हे गणिताच्या त्या माणसाला तिथे उभ्या उभ्या दिसलं. परतीच्या बोटीवर त्यांनी त्या विचारावर काम केलं, आणि १९२५ मध्ये मद्रासला परतल्यावर पुन्हा शिकवायला जायचं नाव काढलं नाही.

टेबल सोडून गेलेला माणूस काय घेऊन परततो, याचं याहून मोठं उदाहरण ग्रंथालयांच्या इतिहासात सापडणं अवघड. बडोद्याचंही तसंच. सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून आले, आणि १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना तिथून बोलावून त्यांनी संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या त्या एका प्रवासातून.

प्रत्येकाच्या वाट्याला लंडन येत नाही. येण्याची गरजही नाही. सह्याद्रीतले किल्ले हिंडण्याची आवड असलेला ग्रंथपाल असेल, तर त्याच्या कपाटात गॅझेटिअरं आणि दुर्गविषयक पुस्तकं नीट लावलेली सापडतात आणि चौथीतल्या मुलाला सहलीआधी काय वाचायला द्यावं हे त्याला विचारावं लागत नाही. गाणं शिकणाऱ्या ग्रंथपाल बाईंच्या वाचनालयात संगीतावरची पुस्तकं धूळ खात नाहीत. रत्नागिरीला नातेवाइकाकडे गेलेला कुणी तिथलं १८२८ साली स्थापन झालेलं नगर वाचनालय पाहून येतो आणि आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांना ऊन-वारा दाखवायला लागतो. छंद आणि प्रवास हे कामातून चोरलेले तास आहेत ही समजूत किमान या पेशापुरती तरी सोडून द्यायला हवी. वाचकाला पुस्तक सुचवणारा माणूस स्वतः जग पाहात नसेल, तर तो कव्हरावरचा मजकूर वाचून दाखवण्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

थोडं ग्रंथपालांनाही सांगायला हवं. "मी नसले तर पान हलत नाही" या वाक्यात तक्रार असते तसा अभिमानही असतो. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटाच्या कुठल्या खणात, कुठल्या सभासदाला ऐतिहासिक कादंबऱ्या लागतात, कुणाची अनामत बाकी आहे, हे सारं डोक्यात साठवून ठेवणारी माणसं वाचनालयाची दौलत असतात. पण वर्गीकरण, तालिका, दाखल क्रमांक या गोष्टी कशासाठी असतात? कुणा एकाच्या स्मरणशक्तीवर ग्रंथालय अवलंबून राहू नये, म्हणूनच. ज्यांच्या अखंड कामाच्या गोष्टी आपण सांगतो, त्या रंगनाथन यांनी आयुष्यभर घडवलेलं शास्त्र नेमकं हेच साधतं: माणूस जागेवर नसला तरी पुस्तक वाचकाला सापडावं. तेव्हा ग्रंथपाल चार दिवस कोकणात गेली आणि मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलाला मागितलेलं पुस्तक दोन मिनिटांत काढता आलं, तर ती तिच्या कामाची पावती आहे. कुणाला काहीच सापडलं नाही, तर रजा रद्द करण्यापेक्षा तालिका दुरुस्त करणं अधिक गरजेचं आहे.

पुण्यातल्या नगर वाचन मंदिराला १८४८ पासूनचा इतिहास आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. एवढी वर्षं दारं उघडी राहिली ती पिढ्यानपिढ्यांच्या ग्रंथपालांमुळे आणि त्यांच्या घरच्यांमुळे. त्या घरच्यांची नावं संस्थांच्या इतिहासात शोधून सापडायची नाहीत. निदान आजच्यांच्या बाबतीत तरी आपल्याला काही करता येईल.

तुम्ही एखाद्या वाचनालयाचे सभासद असाल तर पुस्तक मुदतीत परत करा आणि सुटीच्या दिवशी ग्रंथपालाला फोन करू नका. आदल्या दिवशी एक पुस्तक जास्तीचं मागून घ्या, ते आनंदाने देतील. कार्यकारी मंडळावर असाल तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ग्रंथपालाच्या रजेचा आणि त्या काळात बसणाऱ्या बदली माणसाच्या मानधनाचा विषय घाला, आणि तो मंजूर करून घ्या.