न वाचणाऱ्या बाळालाही डॉक्टर हवा

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी बाळ जन्मले आणि रडलेच नाही, तर काय करायचे हे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला आणि सिस्टरला शिकवलेले असते. अंग कोरडे करायचे, श्वासमार्ग मोकळा करायचा, पहिले मिनिट संपायच्या आत श्वास द्यायला लागायचे. 2009 मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाने हे शिक्षण प्रसूतिगृहाच्या टेबलापर्यंत नेले आणि त्याचे मोल फार मोठे आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2020 मध्ये हजार जिवंत जन्मांमागे देशात 20 आणि महाराष्ट्रात 11 नवजात बालके दगावली. हा आकडा आणखी खाली यायलाच हवा. पण तो जसजसा खाली येईल, तसतसे उरलेल्या मृत्यूंत अशा बाळांचे प्रमाण वाढत जाईल, ज्यांना कुठलेच रुग्णालय वाचवू शकत नाही: ज्यांचा मेंदू घडलेलाच नाही, ज्यांचे जन्मजात व्यंग शस्त्रक्रियेच्या पलीकडचे आहे, जी फारच लवकर जन्माला आली. या बाळांसाठी डॉक्टरला आपण काय शिकवले? बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट: रेफर करा.

आर्वीहून वर्धा पन्नासेक किलोमीटर, सेवाग्राम थोडे पुढे. तळेगाववरून निघाले तर नागपूर शंभराच्या वर. टाके पडलेली आई आर्वीत राहते, बाळ काचेच्या पेटीत जाते आणि बाप दोन्हीकडे धावतो. आजी दाराशी येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला विचारते, "कसं आहे जी लेकरू?" उत्तर मिळते, "सीरियस आहे, प्रयत्न चालू आहेत." त्यात खोटे काही नसते, पण खरेही पुरते नसते. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयातला उपचार मोफत आहे. बुडालेली मजुरी आणि परगावचा मुक्काम मोफत नाही. शेवटी घरचे 'आपल्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करतात आणि बाळ घरी निघते. नळी निघालेली असते, वेदनेचे औषध दिलेले नसते आणि रात्री धाप लागली तर काय करायचे हे कोणी सांगितलेले नसते.

उपचार थांबवण्याचा निर्णय आजही आपल्याकडे रोज होतो. फक्त तो डॉक्टरांनी विचारपूर्वक घेतलेला नसतो, खिशाने आणि थकव्याने घेतलेला असतो. नवजातांच्या उपशामक शुश्रूषेचे, म्हणजे वाचू न शकणाऱ्या बाळाचा त्रास कमी करण्याचे, प्रशिक्षण मागतो आहे ते यासाठी. बाळ मरणारच असेल, तर त्या सहीच्या कागदापेक्षा बरे काहीतरी त्याच्या वाट्याला यायला हवे.

त्यातले पहिले म्हणजे वेदना. नवजाताला दुखत नाही, दुखले तरी आठवत नाही, असे वैद्यकशास्त्र फार काळ मानत आले. 1985 मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळची शस्त्रक्रिया झाली, ती वेदनाशमनाशिवाय. त्याची हालचाल थांबवण्याचे औषध तेवढे दिले होते. त्याच्या आईने हे जगासमोर आणले. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी 1987 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, वेदनाशामक दिलेल्या नवजातांची प्रकृती शस्त्रक्रियेनंतर अधिक स्थिर राहते. आज बाळाची वेदना मोजता येते. कपाळाला पडलेली आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठाकडे खोल गेलेली रेघ, वाढलेले ठोके: यांना गुण देण्याचे तक्ते आहेत. टाचेतून रक्त घेण्याआधी दोन मिनिटे जिभेवर आईच्या दुधाचे किंवा साखरपाण्याचे मोजके थेंब दिले, बाळ उघड्या छातीशी धरले, तरी वेदना कमी होते. याला यंत्र लागत नाही, शिकलेला हात लागतो.

मॉर्फिनसाठी मात्र शिकलेला डॉक्टर कायद्यानेच लागतो. अमली पदार्थविषयक कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ कमी केले. आता मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवता येते, पण तिथे वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. म्हणजे प्रशिक्षण नाही, तर कपाटात औषधही नाही. कृत्रिम श्वास काढून घेण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये घालून दिलेली आणि 2023 मध्ये सोपी केलेली वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. पण बाळाची वेदना कमी करायला, त्याला आईच्या कुशीत द्यायला कुठल्याही मंडळाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचे धडे आहेत; नोकरीत मुरलेल्या डॉक्टरांना ते मिळालेले नाहीत. उभ्याउभ्या न सांगता बसून सांगणे, आई-बाप दोघांना एकत्र सांगणे, 'बाळ वाचणार नाही' हे वाक्य स्पष्ट उच्चारून मग गप्प राहणे, हे सरावाने येते. आणि आईचे दूध. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो, बाळ गेलेले असते, छाती दगडासारखी होते, ताप येतो. ही बाई त्या वॉर्डात कोणाचीच पेशंट नसते. तिला दूध कसे आटवायचे हे सांगणारे कोणीतरी हवे. मृतदेह घरी कसा जाणार, हाही रुग्णालयाचाच प्रश्न आहे. जून 2025 मध्ये मोखाड्याकडच्या एका बापाने मृत जन्मलेले बाळ नाशिकहून पिशवीत घालून एसटीने नेले, ही बातमी अनेकांनी वाचली असेल.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. जिथे वाचण्याजोगी बाळे अजून दगावतात, तिथे 'आता शुश्रूषाच' ही सोयीची पळवाट ठरेल. मुलगी असेल तर अधिकच. म्हणूनच हा निर्णय एकट्या डॉक्टरवर सोडता कामा नये. दोन डॉक्टरांचे मत आणि लेखी कारण असावे आणि प्रत्येक मृत्यूचा नंतर आढावा घ्यावा. त्या आढाव्यात मुलगे आणि मुली वेगळे मोजावेत. सहीच्या कागदावर यातले काहीच नसते. मुलीला सोडून देणे आज दिसत नाही. नोंद झाली तर दिसेल.

अशी शुश्रूषा आपल्या मातीला परकीही नाही. कुष्ठरोगावर खात्रीचा इलाज नव्हता, तेव्हा सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत. त्याच सेवाग्रामात डॉ. सुशीला नय्यर यांनी बायका-मुलांसाठी उभारलेल्या छोट्या दवाखान्याचे आजचे रूप म्हणजे कस्तुरबा रुग्णालय. मुंबईत शीवच्या रुग्णालयात 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढणाऱ्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आयुष्यभर नवजातांना वाचवले आणि कर्करोगाने मुलगी गेल्यावर 2017 मध्ये तिच्या नावाने उपशामक शुश्रूषेचे केंद्र सुरू केले. बाळ वाचवणे आणि मरणाऱ्याला सांभाळणे ही दोन्ही कामे एकाच डॉक्टरची असू शकतात.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. इतके जवळचे शिक्षक फार थोड्या तालुक्यांच्या नशिबी असतात. आरोग्य विभागाने नवजात विभागाच्या पुढच्या प्रशिक्षणात दोन दिवस या विषयाला द्यावेत, डॉक्टरांबरोबर सिस्टर आणि आशाताईंनाही बसवावे, आणि पहिल्या तुकडीत आर्वीची माणसे घ्यावीत.