सात्सुकीचे बालपण

हायाओ मियाझाकी यांच्या 'माय नेबर तोतोरो' (१९८८) या जपानी ॲनिमेशनपटात खलनायक नाही की सुष्ट-दुष्टांचा संघर्ष नाही. त्याच्या ८६ मिनिटांवर सावट आहे ते एका घरगुती भीतीचे. १९५० च्या दशकातील ग्रामीण जपानमध्ये, आजारी आईच्या रुग्णालयाजवळ राहता यावे म्हणून सात्सुकी आणि तिची चार वर्षांची बहीण मेई वडिलांसह एका जुन्या घरात राहायला येतात, आणि आई घरी कधी येईल हा प्रश्न पुढच्या प्रत्येक प्रसंगाच्या तळाशी राहतो. मियाझाकी यांची आईही क्षयरोगाने कित्येक वर्षे अंथरुणाला खिळली होती.

कापराच्या अजस्र झाडात राहणारा केसाळ तोतोरो प्रथम दिसतो तो मेईला; परंतु या अद्भुताची खरी गरज आहे सात्सुकीला. आईच्या गैरहजेरीत सर्वांचे डबे करणारी, धाकटीला सांभाळणारी आणि स्वतःची धास्ती आतल्या आत दाबणारी ही मुलगी वयाआधीच मोठी झालेली आहे. म्हणूनच पावसातल्या बसथांब्याचा प्रसंग चित्रपटाचा गाभा ठरतो: पाठीवर झोपलेली मेई, आलेल्या बसमध्ये वडील नाहीत, अंधार दाटत चाललेला, आणि शेजारी डोक्यावर पान ठेवून उभा असलेला तोतोरो. सात्सुकी त्याला वडिलांची छत्री देते, तिच्यावर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने तो हरखून जातो, आणि तेवढ्या वेळापुरती ती पुन्हा लहान होते.

समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी अद्भुताचे लक्षण सांगताना संभ्रमावर, म्हणजे घडले ते नैसर्गिक की अलौकिक याचा निर्णय न होण्याच्या अवस्थेवर, भर दिला. येथे तो संभ्रम मुख्यतः प्रेक्षकाच्या वाट्याला येतो: मुलींनी पेरलेल्या बियांतून रात्री उगवून आभाळाला भिडलेले झाड सकाळी नाहीसे होते, पण त्या बियांना कोंब मात्र खरोखर फुटलेले असतात. पुरातत्त्वज्ञ असलेले वडीलही पुरावा मागत नाहीत. मेईवर विश्वास ठेवून ते पवित्र दोर बांधलेल्या, म्हणजे शिंतो परंपरेनुसार देवतेचा वास मानलेल्या, त्या कापराच्या वृक्षाला मुलींसह नमस्कार करतात, आणि पालकत्वाविषयीच्या कित्येक ग्रंथांहून हा नमस्कार अधिक सांगून जातो.

तोतोरो आईला बरे करत नाही. मेई हरवल्यावर सात्सुकी त्याच्याकडे धाव घेते, तो मांजरबस बोलावतो, मेई सापडते आणि रुग्णालयाबाहेरच्या झाडावरून दोघींना हसणारी आई दिसते; आजार मात्र आपल्याच गतीने ओसरायचा असतो. अखेरच्या श्रेयनामावलीतील चित्रांत आई घरी परतलेली आहे, आणि सात्सुकी इतर मुलांबरोबर खेळते आहे.